निगेटिव्ह आत्या

भावाचा फोन आला तेव्हा मी एका आजोबांच्या नाकात काडी घालत होते आणि आजोबांनी ती काडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. फोन मी खांद्यानं कानाला दाबला. तिकडून भाऊ ओरडला, "ताई, बेस्तरवारी बारसं! डॉक्टर हो म्हनले!" मीही इतक्या मोठ्यानं ओरडले की आजोबांनी दचकून काडी सोडली आणि माझं काम झालं. बाहेर बाकड्यावर बसलेल्या लोकांना वाटलं, आजोबांचं काहीतरी भयंकर निघालं. दोघं तर उठून निघूनच गेले.

गंगाखेडला एका छोट्या लॅबमध्ये मी तपासण्या करते. रक्त, लघवी, थुंकी, आणि थंडी पडली की नाकं. माझं माहेर सोनपेठचं. तिथं भावाचं हार्डवेअरचं दुकान आणि थोडी उसाची शेती आहे, दुकानाच्या मागंच घर, घरात आई, भाऊ आणि भावजय. भाऊ माझ्याहून लहान. त्याला लग्नानंतर फार वर्षांनी मूल झालं. किती वर्षांनी, ते गल्लीतल्या बायका बोटांवर मोजून सांगतात. मी नाही सांगणार. मुलगी झाली, तीही दिवस भरायच्या आधीच, घाईघाईनं. तिला परभणीला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. भावानं पहिला फोटो पाठवला त्यात मुलीपेक्षा नळ्याच जास्त दिसत होत्या. बाराव्या दिवशी बारसं करायचं कुणाला सुचलंसुद्धा नाही.

आता ती घरी आली होती, दूध ओढत होती आणि रडायला लागली की दुकानातलं गिऱ्हाईक आत डोकावून बघत होतं. डॉक्टरांनी बारशाला परवानगी दिली होती. अट एकच घातली होती. सर्दी-खोकल्याचं माणूस तिच्याजवळ जाता कामा नये, कारण तिची फुप्फुसं अजून कच्ची आहेत आणि आपल्याला जी साधी सर्दी वाटते ती तिला साधी राहणार नाही.

आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. नाव तिनं निवडायचं, कुणाला सांगायचं नाही, बारशाच्या दिवशी पाळण्यावर वाकून बाळाच्या कानाला तोंड लावायचं, 'कुर्र' करायचं आणि नाव सांगायचं. त्याच वेळी बाकीच्या बायका मागून आत्याच्या पाठीत धपाधप धपाटे घालतात. आजवर दुसऱ्या आत्यांच्या पाठीत मी किती धपाटे घातलेत त्याला हिशेब नाही. माझ्या पाठीची पाळी काही येत नव्हती, आणि मला दुसरा भाऊही नाही. म्हणून मी त्या गुरुवारसाठी अक्षरशः वेडी झाले होते. नाव केव्हाचं ठरवून ठेवलं होतं. नवऱ्यानं ते काढून घ्यायला जिलेबी आणून पाहिली, भांडून पाहिलं, मी झोपेत बडबडते का म्हणून कान लावून पाहिला. मी जिलेबी खाल्ली आणि नाव पोटात ठेवलं.

माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढं मी जे केलं ते येडपटपणाचं वाटेल. आईला ते अजूनही तसंच वाटतं.

फ्लूची आणि कोविडची झटपट तपासणी आता सगळ्यांना माहीत आहे. नाकात काडी फिरवायची, ती औषधात घुसळायची, पट्टीवर थेंब टाकायचे आणि पंधरा मिनिटं थांबायचं. 'सी'पाशी एक रेघ यायलाच पाहिजे. ती आली तर पट्टी चालू आहे, एवढंच कळतं. दुसरी रेघ आली तर आजार आहे. ती कितीही फिकट असली तरी रेघ ती रेघच. इतकं सोपं काम, पण त्यात लोक जे काय करतात ते बघून माझं डोकं रोज तापतं. काडी टोचू नये म्हणून घरून नाकात करडीचं तेल सोडून येतात, मग पट्टी नुसती तेलकट होऊन बसते आणि 'सी'ची रेघसुद्धा उमटत नाही. पट्टी खिशात घालून घरी नेतात, जेवणखाण झाल्यावर पुन्हा बघतात, तोवर वाळताना तिच्यावर कसलीतरी पुसट रेघ आलेली असते, मग रडारड. आणि बहुतेकांना माझ्याकडून एकच शब्द पाहिजे असतो, निगेटिव्ह. तो मिळाला की ताप घेऊन लग्नाला जातात, खोकत खोकत पंगतीत वाढतात.

त्यांना ऐकवायचं माझं एक भाषण ठरलेलं आहे. पट्टीवर रेघ आली तर आजार आहे म्हणा, त्यात फारशी शंका नको. रेघ आली नाही तर मात्र पट्टीला दिसला नाही, एवढंच म्हणा. आजार कालच शिरला असेल आणि नाकात अजून पुरता वाढला नसेल. काडी वरवर फिरली असेल. अंगात कणकण आहे, घरात दुसरा कुणी झोपून आहे, तर एका पट्टीनं 'नाही' म्हटल्यावर नाचू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा या, नाहीतर मोठी तपासणी करा. हे भाषण मी इतक्या तावातावानं देते की लॅबच्या मालकांनी मला एकदोनदा आवाज कमी करायला सांगितलंय.

बुधवारी दुपारी माझा घसा खवखवायला लागला.

मी म्हटलं, धुरळा. ऊस तोडणीचे दिवस, कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॉल्या लॅबच्या दारावरून जातात, धुरळा नसेल तर काय असेल? चार वाजता दोन शिंका आल्या. त्या मी मसाल्यावर ढकलल्या, जरी त्या वेळी आसपास कुठंच मसाला नव्हता. सगळे पेशंट गेल्यावर मी दार लोटलं आणि स्वतःच्या नाकात काडी घातली. दुसऱ्याच्या नाकात घालताना मी मागंपुढं बघत नाही, स्वतःच्या नाकात मात्र हात आपोआप हलका पडला. पंधरा मिनिटं त्या पट्टीकडं बघत उभी राहिले. एकच रेघ! मी तिथल्या तिथं एक उडी मारली. मग शहाणपण सुचलं म्हणून दुसरी पट्टी काढली. तिच्यावरही एकच रेघ. नवऱ्याला फोन करून सांगितलं, "निगेटिव्ह! दोनदा!" तो म्हणाला, "मग बॅग भर."

रात्री भावालाही फोन करून तेच सांगितलं. बॅग मी आधीच भरलेली होती. कुंची, टोपडं, चांदीचे वाळे, भावजयीची साडी. संध्याकाळभर मी माझंच भाषण मला आठवू नये म्हणून मोठ्यानं गाणी म्हणत होते.

सकाळी सोनपेठच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. मास्क लावला होता. मनात म्हणत होते की मास्क लावूनच नाव सांगू, श्वास रोखून सांगू, एका सेकंदाचं तर काम. बाहेर थंडी होती, हरभरा हिरवागार दिसत होता, आणि मला एकीकडं आनंदानं नुसत्या उकळ्या फुटत होत्या तर दुसरीकडं गुडघे दुखायला लागले होते. आधी वाटलं, सीट अरुंद आहे. मग पाठ दुखायला लागली. मग अंगावर काटा आला, आणि तो काही आनंदाचा नव्हता. शेजारच्या बाईनं माझ्याकडं बघून विचारलं, "कणकण आल्यावानी वाटायलंय का?" मी तिला म्हणाले, "छे! मी निगेटिव्ह आहे." तिनं लगेच पदर नाकाला लावला. तिला माझ्या पट्टीचं कौतुक नव्हतं, तिला माझे डोळे दिसत होते.

सोनपेठच्या स्टँडवर उतरले तेव्हा मला कळून चुकलं होतं. तरी घरापर्यंत गेले, कारण पाय तिकडंच चालले होते. दारात रांगोळी, दुकानाच्या शटरला झेंडूची माळ, आतून घुगऱ्या शिजल्याचा वास आणि दहा-पंधरा बायकांचा एकच गलका. "आत्या आली! आत्या आली!" आई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली. तिनं माझ्यावरून तुकडा ओवाळून टाकला, पाणी सांडलं आणि माझा हात धरायला गेली. मी दोन पावलं मागं सरकले.

"आत ये की गं. काय झालं?"

"आई, मी आत येत नाही. मला बरं नाही."

गलका एकदम थांबला. भाऊ आतून आला. नवा शर्ट, कपाळाला गंध, चेहरा फुललेला. "ताई, रात्री तर म्हनलीस निगेटिव्ह हाय म्हून!"

"आहे. पण मला ताप येतोय."

"मंग निगेटिव्ह कशी?"

हा प्रश्न लोक मला रोज विचारतात आणि रोज मी भाषण ठोकते, पण त्या दिवशी घसा इतका दुखत होता की भाषण बाहेर येईना. तेवढ्यात भावाला काय सुचलं कुणास ठाऊक, तो पळत समोरच्या मेडिकलमध्ये गेला आणि एक किट घेऊन आला. "इथंच करू. सगळ्याच्या म्होरं." मी म्हटलं कर. कारण खरं सांगायचं तर मलाही आशा होती, आणि चांगली दांडगी आशा होती. मी ओट्यावर कडेला बसले. भावानं तोंडाला रुमाल बांधला आणि किटमधला कागद पोथी वाचल्यासारखा मोठ्यानं वाचला. काडी त्यानंच फिरवली, पण बहिणीच्या नाकाला इजा होऊ नये म्हणून इतकी अलगद, की मला गुदगुल्या झाल्या. त्यानं थेंब टाकले. सगळ्या बायका पट्टीकडं वाकून बघायला लागल्या तशी आमची एक म्हातारी चुलती ओरडली, "सरका गं, नजर लागंल तिला!" मग पट्टीवर रुमाल झाकला गेला.

पंधरा मिनिटांनी भावानं रुमाल उचलला. एकच रेघ.

असा जल्लोष झाला की समोरच्या मेडिकलवाल्यानंही टाळ्या वाजवल्या. आत कुणीतरी पाळणा म्हणायला सुरुवातसुद्धा केली. आई म्हणाली, "तीन डाव बगितलं, तीन डाव काय बी निघालं न्हाई. आता काय देवानं खाली येऊन सांगावं का तुला? ऊठ."

मी उठले नाही. मला रडू यायला लागलं आणि त्याचा मला भयंकर राग आला, मग मी रागावूनच बोलायला लागले. भावाला म्हटलं, "बैल रात्री सुटून उसाच्या फडात शिरला तर तू काय करतोस?"

"बॅटरी घिऊन बगतो."

"दिसला तर?"

"तर हाय."

"नाही दिसला तर घरी येऊन झोपतोस का, बैल फडात नाही म्हणून?"

भावानं पट्टीकडं पुन्हा बघितलं. "वाळल्या पाल्याचा, पाचटाचा आवाज येत असंल तर न्हाई झोपत," तो हळूच म्हणाला.

"मग? माझ्या अंगात सकाळपासून पाचट वाजतंय."

त्याला कळलं. चेहऱ्यावरून ते दिसलं, आणि कळल्यावर तो इतका बारीक झाला की मला वाटलं, उगाच कळलं. पण आईला नाही पटलं, चुलतीला तर नाहीच. चुलती म्हणाली, इतक्या वर्सांनी पाळणा हालला आन् सख्खी आत्या दारात बसली, लोक काय म्हनतील. एकीनं सुचवलं, चुलत बहीण आलीय, ती सांगू द्या नाव. दुसरी म्हणाली, मोबाइल लावा बाळाच्या कानाला, आत्या इथूनच कुर्र करील. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. आई रडवेली होऊन म्हणाली, "तुला कामून पटंना माय? तुझीच पट्टी, तुझंच काम, आन् तुलाच भरवसा न्हाई?"

तेवढ्यात भावजय आतल्या दारात आली. मुलीला दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलं होतं. मी पहिल्यांदा माझी भाची बघितली, ती अशी, सगळ्या ओसरीच्या अंतरावरून. एक कपाळ आणि एक मूठ दिसली. मी मास्कवर हात दाबून धरला.

भावजय फार बोलणारी नाही. ती पाथरीकडची, शांत माणूस. तिनं पट्टीकडं बघितलंच नाही. तिनं मला विचारलं, "ताई, तुमाला सवताला काय वाटायलंय?"

सकाळपासून हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मला वाटतंय मी आजारी आहे. नक्की आहे. आणि जवळ आले तर तिला होईल."

"मंग न्हाई यायचं," ती म्हणाली.

"नाव तू सांग. मी तुला सांगते, तू तिच्या कानात सांग. त्यात काय बिघडतं?"

तिनं मान हलवली. "न्हाई. नाव तुमीच सांगायचं. तुमी बऱ्या होऊस्तोर आमी थांबू. बिननावाची ऱ्हाईल चार दिस, त्यानं काय होतंय?" आणि आईकडं वळून, माझ्या भावजयीनं आयुष्यात पहिल्यांदा सासूला स्पष्ट सांगितलं, "आत्याबाई, पाळणा म्हना, घुगऱ्या वाटा. नाव आज न्हाई."

आईचं तोंड उघडं राहिलं. चुलती पुटपुटत आत गेली. पण पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या, ओट्या भरल्या, आणि मी बाहेर ओट्यावर वेगळ्या ताटात जेवले. मला चव लागत नव्हती तरी मी दोनदा वाढून घेतलं, कारण आई दारातून बघत होती. परत जायला एसटी नको म्हणून भावानं दुकानाचा पिकअप काढला. त्याच्या शेजारी बसणंही मला बरं वाटेना, म्हणून मी मागं सिमेंटच्या पोत्यांवर बसले. बाजाराला नेतात त्या शेळीसारखी चादर गुंडाळून, वारा खात, मी गंगाखेडला आले. वाटेत मी मनातल्या मनात सगळ्यांशी भांडत होते. आणि अधूनमधून एक भीतीही वर येत होती. उद्या हे सगळं नुसतं धुरळ्यानंच झालंय असं निघालं तर? मी उगाच बारसं मोडलं असं झालं तर? आईनं मला जन्मभर ऐकवलं असतं, आणि ते मी गप्प बसून ऐकलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तापानं फणफणले होते. लॅबमधून पट्टी मागवली. या वेळी हात हलका पडू दिला नाही. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर काडी फिरवली, जशी आजोबांच्या नाकात फिरवते तशी. थेंब टाकले आणि घड्याळ बघायला मान वळवली, तोवर दुसरी रेघ उमटायलाही लागली होती. पंधरा मिनिटं सरली तेव्हा ती अशी ठसठशीत झाली होती की चष्म्याशिवाय दिसावी. फ्लू!

मी नाचले. अंगात ताप, डोकं ठणकतंय, आणि मी पलंगाभोवती नाचतेय. नवरा दारात उभा राहून बघत होता आणि त्याला खरंच वाटलं की ताप डोक्यात गेला. मी म्हटलं, "अरे, मी पॉझिटिव्ह आहे! मी बरोबर होते! तिला वाचवलं मी!" लगेच पट्टीचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली काही लिहायचं सुचलं नाही, इतकी घाई झाली होती.

अर्ध्या मिनिटात आईचा फोन. आवाज थरथरत होता. "बाई गं, खरं का? ह्या वयात?"

"काय खरं?"

"दोन रेघा! मी बगितल्या की! सूनबाईच्या टायमाला अशाच आल्या व्हत्या! देवापुढं दिवा लावलाय मी. जावईबापू काय म्हनायलेत?"

मला समजायला एक क्षण लागला, आणि मग मी हसायला लागले ती खोकल्याची उबळ येईपर्यंत. तिकडं भाऊ आईच्या हातातून फोन घ्यायला बघत होता, चुलती मागून विचारत होती कितवा महिना, आणि मी खोकतेय, हसतेय, सांगतेय, "आई, ही नाकाची पट्टी आहे! नाकाची!" ती शांत झाल्यावर भाऊ फोनवर आला. आधी त्यानं ताप किती ते विचारलं. मग म्हणाला, "ताई, मी काल तुला हाताला धरून आत नेनार व्हतो." आणि फोन ठेवला.

मुलीला काही झालं नाही. काडी फिरवताना भाऊ मला खेटून बसला होता, म्हणून तो आपण होऊन दुकानात झोपला, पण त्यालाही काही झालं नाही. आई रोज फोन करून मला काढा सांगायची आणि शेवटी न चुकता म्हणायची, "तरी बी आमची पट्टी खोटी कशी निघाली?" मी सांगायचे, खोटी नव्हती गं, घाईत विचारलं आपण तिला. तिला ते काही पटत नव्हतं. माझ्या लॅबमधल्या लोकांनाही पटत नाही.

ताप जाऊन, खोकला पार थांबून, वर बरेच दिवस गेल्यावर आणि डॉक्टरांना विचारून मी पुन्हा सोनपेठला निघाले. निघायच्या आधी पट्टी केली. एकच रेघ, बुधवारी होती तशीच. या वेळी मात्र मी तिच्यावर विश्वास ठेवला, कारण या वेळी माझं अंगही तेच सांगत होतं. एसटीत मी सगळ्या वाटेनं मास्कच्या आत हसत होते. शेजारी बसलेल्या माणसाला मी विचारलं नसताना सांगितलं की आज मी आत्या होणार आहे.

घरात पाहुणे कुणी नव्हते. आईनं पुन्हा घुगऱ्या शिजवल्या होत्या, पाळण्याला तीच झेंडूची माळ, आता सुकलेली, नव्या फुलांबरोबर बांधली होती. मुलगी पाळण्यात पाय झाडत होती. आता तिला गाल आले होते. मी साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले, आईनं "कातडं निघंल" म्हटल्यावर थांबले. भाऊ पाळण्याच्या एका बाजूला, आई धपाटे घालायला माझ्या मागं. भावजय मात्र पलीकडं भिंतीला टेकून उभी होती, हात पदरात गुंडाळून.

"अगं, तिकडं काय? ये की जवळ."

"असू द्या ताई, हितून दिसतंय."

"तुझी मुलगी, तुझा पाळणा, आणि तू भिंतीपाशी?"

ती हसली, पण डोळे भरून आले होते. "सवय झालीय. कुनाच्या बी बारशाला गेलं की मी भिंतीपाशीच उभी ऱ्हायचे. लेकरू न्हवतं म्हून बायका पाळन्यावर वाकू देत न्हवत्या मला. माझी सावली नगं म्हनायच्या लेकराला." मग जरा थांबून म्हणाली, "तुमी तीन डाव तपासून, काय न निघता, सवताच लांब ऱ्हायल्या. मला तर ताई, लांब ठिवायच्या आदी कुनी तपासलं बी न्हवतं."

आईनं मान खाली घातली. कितीतरी बारशांत आईही होती, आणि मीही होते, दुसऱ्या आत्यांच्या पाठीत धपाटे घालत. मी पलीकडं गेले, तिचा हात पदरातून सोडवून धरला आणि तिला ओढत पाळण्यापाशी आणलं. ती वाकेना. मी तिच्या मानेवर हात ठेवून तिला वाकवलं आणि तिच्याबरोबर वाकले, आमची डोकी एकमेकींवर आपटली, आणि त्या दोघींच्या कानाशी मिळून मी कुर्र केलं आणि नाव सांगितलं. माझ्या पाठीत धपाटे पडत होते. आईचे होते, भावाचेही असावेत, आणि चांगलेच जोरात होते.

भावजयीनं ते नाव आधी हळूच, नुसत्या ओठांनी म्हणून पाहिलं. मग मोठ्यानं म्हणाली. मुलीनं पाय झाडायचे थांबवले आणि आपल्या आईच्या आवाजाकडं मान वळवली.